परतीचा रकाना

मंगळवारी माझं ऑफिस म्हणजे डॉक्टरांचीच खोली.
भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता,
मी त्याच्याच खाली बसते,
त्यामुळे पैसे मागायला आलेली माणसं
माझ्याकडे न बघता अक्षरं वाचत राहतात.
एकोणीस वर्षांत एवढंच कळलंय:
जो शेवटच्या बारीक ओळीपर्यंत पोचतो
त्याची नड मोठी.

ड्रमगोला गावात मी कल्याण अधिकारी.
कल्याण हा शब्द दारावर आहे,
खणात मात्र फॉर्म.
नोव्हेंबरात कुणाला तेल हवं, कुणाला पीटच्या विटा,
मग गादी, शेगडी, चष्मा,
डब्लिनच्या इस्पितळापर्यंतचं बसभाडं.
मी विचारते, दुसरं कुणी नाही का देणारं?
प्रश्न फॉर्मवरचा आहे, माझा नाही.
पण तोंड माझंच असतं.

फेब्रुवारीत मॅलकी गिल्डी आला.
टोपी हातात, टोपीतून पाणी ठिबकत होतं.
भाऊ गेला होता, फिनबार.
डोंगरावरच्या घरात दोघंच, अडुसष्ट वर्षं.
म्हणाला, पेटी ओकची नको, पाईनची चालेल,
त्याला कसली हौस नव्हती.

घरभेट करावीच लागते. नियम आहे.
चढून गेले. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या,
त्यातल्या एकीवर काहीच नव्हतं,
मांजर नाही, कोट नाही, कालचं वर्तमानपत्रही नाही.
मी तिच्यावर बसायला गेले
तशी त्याने स्वतःची पुढे सरकवली
आणि उभा राहिला, चहा होईपर्यंत,
चहा संपेपर्यंत.
मी वहीत लिहिलं:
मेंढ्या नऊ. बचत नाही.

चारशे पौंड मंजूर केले.

तीन आठवड्यांनी पुन्हा मंगळवार, पुन्हा ती टोपी.
टेबलावर पावती, चौकोनी घडी घातलेली,
आणि बारा पौंड चाळीस पेन्स.
उरले, म्हणाला.
मी म्हटलं, असू द्या हो, चहासाखरेला होतील.
"ते पुरायला दिले होते," तो म्हणाला,
"चहाला नाही."

फॉर्म उलटसुलट करून पाहिला.
मागणीचा रकाना आहे, नकाराचे तीन आहेत,
अपिलाचासुद्धा आहे.
परतीचा नाही.
वरच्या कार्यालयात फोन लावला.
मॅकगार्टीबाई म्हणाल्या, असं आजवर कधी झालेलं नाही.
मग बराच वेळ नुसती टाइपरायटरची टकटक,
आणि शेवटी: तूच बघ बाई काहीतरी, ॲट्रॅक्टा.

पैसे पाकिटात घातले, वर गिल्डी लिहिलं,
खण लावून घेतला.

मे उजाडला की पहिल्या कम्युनियनच्या आया येतात.
नोरीन वॉर्डच्या पोरीचा पांढरा झगा मंजूर झाला,
बूट नाहीत. बूट ही 'अपवादात्मक गरज' नव्हे,
तसं परिपत्रकच होतं, मी ते वाचून दाखवलं.
नोरीन काही बोलली नाही.
पोरगी तेवढ्यात तक्त्यापुढे उभी राहून
मोठ्यांदा अक्षरं वाचायला लागली,
वरून खाली, एकेक ओळ, न अडखळता,
थेट तळापर्यंत.

मी खण उघडला.

यात कल्याण कुठे बसतं मला सांगता येणार नाही.
नियमाने बघितलं तर अफरातफर आहे,
सप्टेंबरात तपासनीस येईल,
रिकाम्या पाकिटावरचं नाव वाचेल
आणि त्यालाही विचारावंच लागेल.

परवा मॅलकी बाजारात भेटला,
मेंढ्यांच्या औषधाच्या दुकानासमोर.
"माझ्या त्या पैशांचा हिशेब लागला का तुमचा?"
लागला, म्हटलं.
कितव्या नंबरच्या बुटांत लागला ते सांगितलं नाही.
त्याने मान हलवली, बराच हलका झाल्यासारखी,
आणि विचारलं, तुमच्याकडे बसायला
अजून ती एकच खुर्ची आहे का?